लोणच्याच्या बरणीतला समुद्र

कुणी घाई केली की सर उजवा हात उचलून तळवा पुढे धरायचे, रस्त्यात उभं राहून एस.टी. थांबवावी तसा. मग शांतपणे म्हणायचे, "थांबा. आधी पाणी, मंग जीव."

हे वाक्य मूळचं काचेच्या पेटीसाठी होतं, पण ते कुठेही चालायचं. शिक्षकांच्या खोलीत उन्हातून आलेल्या कुणी थेट चहाचा कप उचलला, तरी हात वर व्हायचा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटे, माणूस थंड डोक्याचा आहे. मलाही तसंच वाटलं होतं. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांचा आवाज कधी चढत नाही आणि म्हणून आत काय चाललंय ते कुणाला कळत नाही. सरांच्या बाबतीत ते कळायची एकच खूण होती. आत काही पेटलं की ते डाव्या हाताच्या अंगठ्यानं बोटांची पेरं चाचपत राहायचे. तोंडावर काही नाही, फक्त तो अंगठा फिरत असायचा.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. खामगावच्या एका मुलींच्या शाळेत मी भूगोल शिकवायचे आणि ते विज्ञान. ते साखरखेर्ड्याकडच्या एका खेड्यातले. घरच्यांबरोबर बौद्ध झालेले, मुंबईला वसतिगृहात राहून बी.एस्सी. केलेले. शाळेतली त्यांची नेमणूक तात्पुरती होती. दर उन्हाळ्यात ती संपायची आणि शाळा उघडताना कमिटीच्या मनात असलं तर पुन्हा सुरू व्हायची.

आमची ओळख वाढली ती भरती-ओहोटीमुळे. मी फळ्यावर चंद्र काढून, बाण दाखवून शिकवत होते. एका मुलीनं विचारलं, बाई, पाणी मागे गेलं की तिथले जीव कुठे जातात? मी सांगितलं, पाण्याबरोबर जातात. मधल्या सुट्टीत सर माझ्या टेबलाशी आले. शेजारच्या वर्गात त्यांना ऐकू गेलं होतं.

"सगळे नाही जात बाई," ते म्हणाले. "काही थांबतात."

मग त्यांनी सांगितलं. मुंबईला असताना एका रविवारी ते एकटेच किनाऱ्यावर गेले होते. ओहोटी होती. काळ्या खडकात परातीएवढा एक खळगा, त्यात गुडघाभरही पाणी नाही, आणि त्या पाण्यात एक अख्खं गाव. दगडाला चिकटलेली हिरवी-तपकिरी बटणांसारखी तोंडं, जी उघडत होती आणि मिटत होती. शंख पाठीवर घेऊन फिरणारे खेकडे. बोटाच्या पेराएवढे मासे. आणि एक समुद्रफूल. फूल म्हणजे प्राणीच, पण उमललं की शेवंतीसारखं दिसणारं. ते पाहत सर बसले, आणि भरती पायांशी आली तेव्हा उठले. धोतर कमरेपर्यंत भिजलं होतं म्हणाले.

मी समुद्र पाहिला नव्हता. आमच्या शाळेत कुणीच पाहिला नव्हता म्हटलं तरी चालेल. सर म्हणाले, पोरींना तिकडे नेता येत नसेल तर तो खळगा इकडे आणू. मी हसले. त्यांचा अंगठा पेरांवरून फिरू लागला, तेव्हा हसू थांबवलं.

हेडमास्तर भले गृहस्थ होते, पण भित्रे. त्यांनी सामानाच्या खोलीतला एक कोपरा दिला आणि सांगितलं की शाळेकडे जागा आहे, बाकी काही नाही. त्यामुळे सगळं मागूनच जमवायचं होतं. एका कापडदुकानाची मोडीत निघालेली काचपेटी होती, तिच्या काचा मिळाल्या. कापसाच्या जिनिंगजवळच्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी सांगाडा जोडून घेतला, तळाला शहाबादी फरशीचा तुकडा बसवला. लोखंड खाऱ्या पाण्यात टिकत नाही आणि त्याचा गंज जिवांना चालत नाही, म्हणून सरांनी आतून सगळ्या सांध्यांना डांबराचे हात दिले. पेटी झाली एवढीच, लग्नातल्या ट्रंकेएवढी. पण डांबर वाळेपर्यंत सामानाच्या खोलीत कुणी पाय ठेवू शकत नव्हतं.

पाण्याला हवा द्यायची तर वीज हवी, आणि विजेचा भरवसा नव्हता. सरांनी ट्रकच्या टायरमधली जुनी ट्यूब आणली. सायकलच्या पंपानं ती फुगवायची, आणि बारीक रबरी नळीनं तिच्यातली हवा हळूहळू पाण्यात सोडायची. नळीच्या टोकाला सच्छिद्र असं काहीतरी हवं होतं, म्हणजे बुडबुडे बारीक निघतील. सरांनी हेडमास्तरांच्या कपाटातली वेताची छडी मागून घेतली आणि तिचा बोटभर तुकडा कापला. बुडबुडे साबुदाण्यासारखे बारीक निघाले. छडीचा याहून चांगला उपयोग मी आजतागायत पाहिलेला नाही.

पाणी किती खारं ते मोजायला त्यांनी डेअरीवाल्याकडचं दुधात पाणी घातलंय का ते पाहायचं काचेचं मापक आणलं. समुद्राचं पाणी आणि दूध, दोन्हींचा जडपणा जवळपास सारखाच असतो म्हणे. सर म्हणाले, समुद्र म्हणजे आपल्या गवळ्याचं दूध समजा, थोडं पाणी घातलेलं.

शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनाच करमणूक झाली. मुंबई कशाला, लोणारला जा, खारं पाणी एस.टी.नं येईल, असं कुणीतरी म्हणालं. सर खरंच गेले. बाटलीभर पाणी आणून त्यांनी माझ्या बोटांवर सोडलं आणि बोटं एकमेकांवर घासायला सांगितली. बोटं साबण लावल्यासारखी बुळबुळली. ते म्हणाले, हा सोडा आहे, यात आपला मासा एक दुपार काढणार नाही.

"खारं सगळंच समुद्र नसते बाई," ते म्हणाले, आणि ते पाणी अंगणात ओतून आले.

पेटीत पहिल्यांदा विहिरीचं साधं पाणी भरलं त्या दिवशी मी तिथे होते. पाणी वर चढत गेलं तशी काच कुरकुरली. सरांनी हात वर केला आणि आम्ही सगळे श्वास धरून उभे राहिलो. एका सांध्यातून पाण्याची रेघ निघाली, मग दुसऱ्या. सरांनी पेटी रिकामी केली, सांधे खरवडले, काचेला लावायची लांबी पुन्हा भरली, पुन्हा डांबर. तिसऱ्या खेपेला फरशीखाली अंथरलेला वर्तमानपत्राचा कागद सकाळी कोरडा निघाला. तो कागद हातात घेऊन ते वर्गावर्गांतून फिरले. नुसता कोरडा कागद. मुलींना काही कळलं नाही, पण त्यांनी टाळ्या वाजवल्या.

समुद्राचं पाणी धातूच्या भांड्यात आणता येत नाही. म्हणून आम्ही शिक्षिकांनी घरच्या चिनी मातीच्या बरण्या दिल्या, लोणच्याच्या. त्या राखेनं घासल्या, उन्हात ठेवल्या, तरी माझ्या बरणीचा कैरीचा वास गेला नाही. सर नाक लावून म्हणाले, ही शेवटी वापरू. नाताळच्या सुट्टीत ते मुंबईला गेले आणि त्या बरण्यांतून पाणी, वाळू आणि काही दगड घेऊन आले. पेटी भरली. मुली धावत आल्या आणि निराश होऊन गेल्या, कारण आत दगडांशिवाय काही नव्हतं.

सर रोज त्या दगडांपुढे बसत. पाणी पिकलं पाहिजे म्हणत. आधी ते गढूळ झालं, मग काचेवर तपकिरी साय धरली, मग हिरवी. हेडमास्तर मला एकदा हळूच विचारून गेले की सरांची तब्येत बरी आहे ना.

आणि मग विहिरीचं प्रकरण निघालं.

पेटीतलं पाणी वाफ होऊन कमी होई. मीठ तेवढंच राही, पाणी जाई, म्हणून रोज थोडं गोडं पाणी वरून घालावं लागे. सर सकाळी शाळेच्या विहिरीवर जात आणि मातीच्या घागरीनं स्वतः पाणी शेंदत. कमिटीवर एक शेठ होते, सरकीचे मोठे व्यापारी. त्यांची पुतणी आमच्या शाळेत होती. एक दिवस ते हेडमास्तरांच्या खोलीत आले. मी हजेरीपट घेऊन तिथे उभी होते, मला बाहेर जा असं कुणी म्हणालं नाही. शेठ जातीचं काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले की विहिरीचं पाणी पोरी पितात आणि गावात लोक विचारतात.

हेडमास्तरांनी सरांना बोलावलं. शेठ बसूनच होते. हेडमास्तर टेबलावरचा कागद सरळ करत म्हणाले की तुम्ही कशाला तसदी घेता, उद्यापासून शिपाई पाणी आणून देईल.

सर कचेरीत नेहमी पुस्तकी मराठी बोलायचे. त्या दिवशी गावाकडचं आलं.

"बादली जस्ताची आहे साहेब. जस्तानं पेटीतले जीव मरतात. घागरीनंच शेंदावं लागते."

"मग शिपायाला घागर द्या."

मी सरांच्या डाव्या हाताकडे पाहिलं. अंगठा पहिल्या बोटापासून शेवटच्या बोटापर्यंत गेला आणि परत आला.

"शिपायाले पाणी कळत नाही," सर म्हणाले. "मले कळते. पाणी मीच काढीन."

एवढं बोलून ते तासाला गेले. शेठ उठले आणि हेडमास्तरांना म्हणाले की बघा बुवा तुम्ही. हेडमास्तर खिडकीकडे बघत बसले. मला वाटलं, उद्या पेटी फुटणार, नाहीतर नोकरी जाणार, नाहीतर दोन्ही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले. सर घागर घेऊन विहिरीवर आले. काठावर हेडमास्तर उभे होते, ऊन नसताना छत्री उघडून. सरांचं पाणी शेंदून होईस्तोवर तसेच उभे राहिले आणि मग आपल्या खोलीत गेले. पुढचे कितीतरी दिवस ते रोज येऊन उभे राहत. रस्त्यानं कुणी गेलं की छत्री तोंडापुढे ओढायचे. पण यायचे.

जीव आणायला सर होळीच्या आधी गेले. जलंबला मोठ्या गाडीतून उतरायचं आणि खामगावच्या छोट्या गाडीत बसायचं. बरण्या उतरवायला मदत म्हणून मी आणि आमचा शिपाई जलंबला गेलो. मुंबईची गाडी उशिरा आली. खामगावची गाडी सुटून गेली होती आणि पुढची संध्याकाळी होती. दुपार चढली होती. सरांनी पहिल्या बरणीचं फडकं काढलं. मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते.

सरांकडे सायकलचा पंप होता. त्यांनी नळी पाण्यात सोडली आणि पंप मारायला सुरुवात केली. एका बरणीला थोडा वेळ, मग दुसरीला, मग पुन्हा पहिलीला. त्यांचा सदरा घामानं पाठीला चिकटला. शिपायानं हात लावला, मी लावला. आमचेही हात भरून आले. बाकावर एक म्हातारा मिशाळ शेतकरी बसला होता, त्यानं विचारलं, "काऊन हवा भरून राह्यले?" सरांनी त्याला फडकं उचलून दाखवलं. म्हातारा बरणीत बघत राहिला. मग पागोटं काढून बाजूला ठेवलं आणि पंप हातात घेतला. त्याच्यानंतर एका हमालानं घेतला, मग मलकापूरला निघालेल्या एका वाण्यानं. बायकांनी नळाचं पाणी आणून बरण्यांवरची फडकी भिजती ठेवली. कुणाची गाडी आली की तो पंप पुढच्याच्या हातात द्यायचा आणि पळायचा. संध्याकाळी आमची गाडी लागली तेव्हा दोन मासे मेले होते, बाकी सगळे जिवंत होते. सर बरण्या डब्यात चढवून झाल्यावर दाराशी उभे राहिले आणि फलाटाकडे हात जोडले. तेव्हा तिथे ओळखीचं कुणीच उरलं नव्हतं.

पेटीत जीव सोडले तो दिवस मला सांगता येणार नाही नीट. आधी सगळे दडून बसले. मग एक शंख हलला, खाली पाय निघाले आणि तो चालू लागला. मुली किंचाळल्या. खडकावरची बटणं एकेक करून उघडली. समुद्रफूल एवढंसं गोळा होऊन बसलं होतं, ते मधल्या सुट्टीनंतर उमललं, फिक्या जांभळ्या टोकांचं. मी भूगोलाची शिक्षिका. मी तिथे उभी राहून रडले, आणि सरांनी न पाहिल्यासारखं केलं.

गावात बातमी पसरली, शाळेत समुद्र आला. हेडमास्तरांनी एक रविवार ठरवून सगळ्यांना पाहायला बोलावलं. सरांना ते पसंत नव्हतं, गर्दी जिवांना मानवणार नाही म्हणाले. पण कमिटीला ते हवं होतं आणि या खेपेला हेडमास्तरांची छत्री चालली नाही. दिवसभर रांग होती. सर पेटीशी उभे राहून काचेला हात लावू नका एवढंच सांगत होते.

दुपारनंतर शेठ आले. बरोबर त्यांची आई होती, वाकलेली, दोन्ही बाजूंनी धरून आणलेली. तिला कमी दिसायचं. तिनं पेटीला हात जोडले आणि विचारलं की समुद्र कुठं आहे. सरांनी तिचा हात धरावा की नाही याचा क्षणभर विचार केलेला मी पाहिला. मग त्यांनी तिचं बोट धरून काचेवर टेकवलं, ज्याच्या पलीकडे ते फूल होतं, आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. हा खडक. हे घर पाठीवर घेऊन फिरणारे. हे फूल नव्हे, जीव आहे. ती मान हलवत ऐकत होती. तिचा नवरा तिला रामेश्वरला नेणार होता आणि त्याआधीच वारला, हे तिनंच सांगितलं. मग म्हणाली, "बाप्पा, मले तीर्थ दे."

शेठ दोन पावलं मागे उभे होते. सरांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. प्रयोगशाळेतला काचेचा चमचा पेटीत बुडवला आणि तिच्या ओंजळीत ते पाणी घातलं. ती ते प्यायली. खारट लागलं असणार, तिचं तोंड वाकडं झालं आणि मग ती हसली, दात नसलेल्या तोंडानं. उरलेला ओलावा डोळ्यांना आणि डोक्याला लावला. शेठ जमिनीकडे बघत होते. तेवढ्यात मागे मुलींची रेटारेटी झाली, कुणीतरी पडलं, म्हणून सर आणि मी तिकडे वळलो. परत आलो तेव्हा ती निघाली होती.

दुसऱ्या दिवशी बटणं उघडली नाहीत. सर म्हणाले, गर्दीनं बिथरली असतील. त्याच्या दुसऱ्या दिवशी शंखवाले खेकडे शंखाबाहेर पडून वाळूवर आडवे झाले. सरांनी पाणी मोजलं, ते बरोबर होतं. हवा बरोबर होती. फूल गोट्यासारखं आवळलं होतं. सर पेटीभोवती फिरत होते, अंगठा थांबत नव्हता. मी पहिल्यांदा त्यांचा आवाज चढलेला ऐकला, आणि तोही स्वतःवरच. मी काय विसरलो, काय विसरलो, असं ते बोलत होते.

मग त्यांनी बाह्या सारल्या आणि एकेक दगड उचलून पाहिला. मागच्या दगडाच्या पलीकडे, वाळूत अर्धे रुतलेले, तांब्याचे जुने पैसे होते. चांगले मूठभर. कडांना हिरवट रंग चढला होता. आणि कुंकवाची एक चिमूट, अजून न विरघळलेली.

तांबं या जिवांना विष. सर पैसे काढून तळहातावर घेऊन उभे राहिले. मी म्हणाले, कुणी मुद्दाम केलं असेल. ते म्हणाले, "मुद्दाम करणारा कुंकू नाही टाकत बाई."

बोलायला वेळ नव्हता. मुंबईहून आणलेल्या पाण्यातली एक बरणी त्यांनी राखून ठेवली होती, माझी, कैरीच्या वासाची. तेवढंच चांगलं पाणी जिल्ह्यात शिल्लक होतं. त्यात सगळे मावणार नव्हते. कुणाला घ्यायचं हे ठरवायचं होतं. सर पेटीपुढे गुडघ्यांवर बसले. मासे थोडे तग धरतील म्हणाले, बटणं गेलीच. मग त्यांनी फूल बसलं होतं तो दगड दोन्ही हातांत उचलला आणि बरणीत ठेवला, त्याच्याबरोबर जिवंत दिसणारे दोन लहान मासे. बाकीच्यांकडे पाठ करून ते बरणीला नळी लावू लागले. पेटीत जे उरलं होतं ते आठवडाभरात संपलं. मुलींना वर्गात सांगताना त्यांनी पाणी बिघडलं एवढंच सांगितलं.

पुढच्या आठवड्यात शेठ शाळेत आले. या वेळी ते हेडमास्तरांकडे गेले नाहीत, सरळ सामानाच्या खोलीत आले. पेटीवर सरांनी चादर टाकली होती. मी बरणीशी बसून पंप मारत होते, सर पेटीशी उभे होते. शेठनं टोपी काढून हातात घेतली. त्यांची आई अंथरुणाला खिळली होती, आता उठेल असं वाटत नव्हतं. पण मन निवांत आहे तिचं, ते म्हणाले. वडिलांनी रामेश्वरच्या समुद्रात वाहायला म्हणून पैसे बाजूला काढून ठेवले होते, ते तिनं इतकी वर्षं गाठोड्यात जपले, आणि त्या दिवशी गर्दीत हळूच वाहिले. तेव्हापासून रोज विचारते, समुद्रानं घेतले का म्हणून.

मी पंप थांबवला. सरांकडे पाहायचा मला धीर झाला नाही. चादरीखाली मेलेली पेटी होती, एका हाताच्या अंतरावर. एक शब्द पुरे होता. हाच माणूस त्यांना विहिरीवरून उठवायला निघाला होता, आणि आता तो शब्द त्याच्या तोंडावर मारायचा हक्क सरांना होता, असं मला तेव्हा वाटलं. आजही कधी कधी वाटतं.

सरांनी चादरीची सरकलेली कड ओढून सरळ केली.

"त्यांले सांगा," ते म्हणाले, "समुद्रानं ठेवून घेतले."

शेठनं मान डोलावली. जाताना दाराशी थांबून त्यांनी विचारलं की विहिरीचं पाणी लागतं का अजून. सर म्हणाले, लागते. शेठ म्हणाले, बरं. आणि गेले. मी सरांना विचारलं, काऊन सांगितलं नाही? ते म्हणाले की म्हातारीनं पाहिला तेवढाच तिचा समुद्र, त्यात आता विष कशाला कालवायचं. मग माझ्या हातून पंप घेऊन स्वतः मारायला बसले.

म्हातारी थोड्या दिवसांनी गेली. शेठ पुन्हा शाळेत आल्याचं मला आठवत नाही.

ऊन वाढत गेलं. सरांनी बरणीला ओलं गोणपाट गुंडाळलं, खिडकीला वाळ्याचा पडदा लावला. फूल हळूहळू सैल झालं आणि एक दिवस अर्धं उमललं. पण हे पाणी उन्हाळा काढणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. परीक्षा संपल्या तसं त्यांनी ठरवलं की फूल जिथून आणलं तिथे नेऊन सोडायचं. मी म्हणाले, पुढच्या वर्षी पुन्हा आणू, आता सगळं कळलंय आपल्याला. ते हसले. हात वर करून नेहमीचं वाक्य म्हणतील असं वाटलं, पण म्हणाले नाहीत.

त्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा त्यांची नेमणूक झाली नाही. कुणी म्हणालं कमिटीनं केली नाही, कुणी म्हणालं त्यांनीच अर्ज दिला नाही. हेडमास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, मी लिहून दिलं होतं बाई, मी लिहून दिलं होतं. सर मुंबईकडेच कुठे शिकवतात असं पुढे ऐकलं. नक्की कुणालाच माहीत नव्हतं. पेटीच्या काचा काढून नव्या वर्गाच्या खिडक्यांना बसवल्या.

त्यांना शेवटचं पाहिलं ते सुट्टी लागली तेव्हा, जलंबला. मी, शिपाई आणि चार मुली त्यांना पोचवायला गेलो होतो. तिसऱ्या वर्गाच्या डब्यात त्यांना खिडकीशी जागा मिळाली. बरणी पायांमध्ये घट्ट धरलेली, वर ओलं फडकं. शेजारचे लोक माना वाकवून विचारत होते आणि ते फडकं बाजूला करून दाखवत होते. शिटी झाली. मुली खिडकीबरोबर धावू लागल्या, सर, सर म्हणून हात हलवू लागल्या. मीही हात वर केला.

त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही. ते बरणीवर वाकले होते, एवढे की तोंड दिसत नव्हतं, आणि एका हातानं डब्यातल्या लोकांना गप्प राहायची खूण करत होते. फूल उमलत असावं.